प्राकृतिक भूगोल, मानवी भूगोल आणि माणचा टँकर

पर्जन्यछाया (धागाकर्ता)

सराव परीक्षेचे पेपर तपासून नुकताच उठलोय. ‘प्राकृतिक भूगोल आणि मानवी भूगोल यांतील फरक स्पष्ट करा’ या प्रश्नाला झाडून सगळ्यांनी एकच तक्ता काढलाय. डावीकडे पर्वत, नद्या, हवामान, मृदा. उजवीकडे लोकसंख्या, वसाहती, शेती, उद्योग. गुण दिले, पण तो पाठ करून पोरांना काही उमगलंय असं वाटत नाही. त्यात त्यांचा दोष नाही. अकरावीला भूहालचाली, विदारण, हवामान. बारावीला लोकसंख्या, वसाहती, व्यवसाय. जणू अकरावी पास झालं की डोंगर संपले आणि माणसं सुरू झाली.

माझ्या मते वस्तूंची अशी वाटणी करताच येत नाही. नदी दोघांचीही आहे, शेतही दोघांचं. तिथे जाऊन विचारायचं काय आणि कुठल्या उत्तरावर थांबायचं, इथे दोघांच्या वाटा फुटतात. उदाहरण माझ्या ओळखीच्या पट्ट्यातलं देतो.

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पसरणीचा घाट उतरून वाईला आलात की आकडा हजाराच्या आत. तसंच पूर्वेला जात राहा, साताऱ्यातल्याच माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास येतो, बऱ्याच वर्षी त्याहून कमी. महाबळेश्वर ते माणमधलं दहिवडी सरळ रेषेत शंभर किलोमीटर भरतील न भरतील. हे का होतं? अरबी समुद्रावरचे बाष्पाने भरलेले वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, गार होतात आणि घाटमाथ्यावरच मोकळे होतात. पूर्वेला उतरताना तीच हवा दाबली जाते, तापते, तिची बाष्प धरून ठेवायची ताकद वाढते आणि पाऊस पडत नाही. दक्षिण अमेरिकेत अँडीजच्या पूर्वेला पॅटागोनिया कोरडा आहे तो याच कारणाने, फक्त तिथे वारे पॅसिफिकवरून येतात. खाली आपला बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर. या खडकात पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि भेगांत, तेही भेग लागली तर. म्हणून एका बांधावरच्या विहिरीला मार्चमध्येही पाणी असतं आणि शेजारची दिवाळीला तळ गाठते.

इथपर्यंतच्या उत्तरात माणूस कुठेच आला नाही. माणमध्ये एकही घर नसतं तरी पाऊस एवढाच पडला असता.

आता पुढचा प्रश्न. मग टँकर का लागतो? ‘पाऊस कमी म्हणून’ हे उत्तर चालत नाही, कारण तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या कोकणातल्या वाड्यांनाही एप्रिल-मेमध्ये टँकर लागतो. उलट माणला लागूनच असलेल्या सोलापूर जिल्ह्यात पाऊस बेताचाच, पण साखर कारखाने राज्यात सर्वाधिक असणाऱ्या जिल्ह्यांपैकी तो एक. तिथला ऊस आकाशाकडे बघून लावलेला नाही, उजनी धरणाकडे बघून लावलाय.

आणि कोयना. कोयना ही कृष्णेची उपनदी, निसर्गाने पूर्वेला पाठवलेली. आपण धरण बांधून तिचं पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला सोडलं, पोफळीला वीज केली आणि पाणी वाशिष्ठीतून समुद्राला. कृष्णा पाणीवाटप लवादाने, म्हणजे बच्छावत लवादाने, यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी ठरवून दिलंय. या वळवण्याचं कारण कुठल्या ढगात किंवा खडकात सापडणार नाही. ते मुंबईच्या विजेच्या मागणीत, त्या काळच्या विकासाच्या कल्पनेत आणि राज्यांच्या भांडणात शोधावं लागतं. दुसरा निर्णयही होऊ शकला असता. ‘दुसरं काही होऊ शकलं असतं का?’ हा प्रश्न जिथे अर्थपूर्ण ठरतो तिथे मानवी भूगोल सुरू होतो, असं मी वर्गात सांगतो.

मंडळींचं काय मत?

यूपीएससी_चालूच

सर, छान. आता हेच १५० शब्दांत बसवून द्या ना. पेपर एकच्या अ विभागात प्राकृतिक, ब विभागात मानवी. दोन विभाग, दोन क्लास, दोन फिया.

तिरकस

पोहऱ्यात पाणी आलं नाही की बाईला दोन्ही भूगोल सारखेच. बाकी चालू द्या.

कातळ

धागा आवडला, पण भूशास्त्रवाला म्हणून दोन हरकती.

पहिली, ‘माणूस कुठेच आला नाही’ हे फार सोपं करून सांगितलंत. तुमच्याच कोयनेचं घ्या. जलाशय १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला भरू लागला, पाठोपाठ धक्के जाणवू लागले आणि ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे रिश्टर मापावर साडेसहाच्या आगेमागे तीव्रतेचा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झालं. जलाशयामुळे झालेल्या भूकंपांत जगभर हेच उदाहरण सगळ्यात आधी शिकवलं जातं. भ्रंश, म्हणजे खडक तुटून सरकतो ती रेषा, तिथे आधीपासून ताणाखाली होता. पाण्याचा भार आणि भेगांत खोलवर शिरलेल्या पाण्याचा दाब यांनी तो सुटायला वाट दिली. आता हा भूकंप कुठल्या रकान्यात टाकायचा?

दुसरी, ‘दुसरं काही होऊ शकलं असतं’ हे खडकांनाही लागू आहे. दख्खनचा लाव्हा ओतला गेला ही एकदाच घडलेली गोष्ट. ती कुठल्या नियमाने अटळ होती असं नाही. आमच्या विषयात नियमही आहेत आणि इतिहासही.

पर्जन्यछाया

@कातळ, भूकंपाबद्दल दंडवत, तो मुद्दा मूळ धाग्यातच यायला हवा होता. मी त्याचे दोन तुकडे करेन. पाण्याने भ्रंशावर काय केलं हे दाब, घर्षण, सच्छिद्रता यांच्या भाषेत सांगता येतं; तिथे धरण बांधणारा माणूस होता की दरड कोसळून आपोआप तळं झालं, याने गणित बदलत नाही. धरण तिथेच का आणि घरं तशी का, यासाठी मात्र दुसरीकडे जावं लागतं. घटना एक, चौकश्या दोन.

लाव्ह्याच्या इतिहासाबद्दल: मान्य, अपघात निसर्गातही असतात. पण लाव्ह्यापुढे दोन प्रस्ताव नव्हते, त्याने कुणाचा फायदा बघितला नाही. लाव्ह्याला जाब विचारता येत नाही. लवादाला येतो.

वाशिष्ठीकाठ

कोकणाचा उल्लेख झाला म्हणून लिहिते. आमच्याकडे वीजनिर्मितीनंतरचं कोयनेचं पाणी वाशिष्ठीतून ऐन मेमध्येही वाहत असतं. पूल ओलांडून वर सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या पठारावरच्या, वाडीत जा, तिथे बायका हंडे घेऊन झऱ्यावर पाळी लावून बसलेल्या. खाली घाटापलीकडून आलेलं पाणी, वर स्वतःच्या पावसाचं पाणी नाही.

प्राकृतिक कारण सरळ आहे. जांभा चाळणीसारखा, पाऊस आत घेतो आणि खालच्या चिकण थरावरून कडेच्या झऱ्यांवाटे सोडूनही देतो. उतार तीव्र, समुद्र जवळ. जून-सप्टेंबरात मिळालेलं जानेवारीपर्यंत निघून जातं. पण यापुढचं सर म्हणतात तेच. वाडी सड्यावर का वसली, नळयोजना एका वाडीला पोचली आणि पलीकडच्या वाडीला का नाही, घरातली कर्ती माणसं मुंबईत असताना श्रमदानाचा बंधारा घालायचा कुणी, हे जांभ्यात सापडत नाही.

विट्याची_सून

मी भूगोल शिकलेले नाही, पण या विषयावर बोलायचा माझा हक्क आहे, कारण सासर गलाईवाल्यांचं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: खानापूर, आटपाडी, तासगाव, इकडे माण-खटाव या दुष्काळी पट्ट्यातली हजारो कुटुंबं देशभर सोनं-चांदी गाळायचा धंदा करतात. केरळ, तामिळनाडू, उत्तर प्रदेश, बंगाल, जिथे सराफ कट्टा तिथे एखादं दुकान आमच्याकडच्याचं. दुकान म्हणजे काय, तर दहा बाय दहाची खोली, एक भट्टी, मुशी, चिमटे, तेजाबाचे कॅन आणि भिंतीवर गावच्या देवाचा फोटो. सराफ जुना दागिना किंवा कारागिराकडची झाडझूड आणून देतो; ती वितळवायची, तेजाबात घालून तांबं-चांदी वेगळी करायची, शुद्ध सोनं वजनावर परत द्यायचं. झाडलोटीच्या मातीतूनही कण काढतात. आमचे मामंजी शेताच्या मातीला तरसले आणि सराफाच्या मातीवर संसार केला, असं सासूबाई म्हणायच्या.

माझा प्रश्न असा. आमचा पाऊस आणि बीडकडचा पाऊस यांत फार अंतर नाही. जमीनही हलकीच. मग त्यांच्या वाट्याला ऊसतोड आली आणि आमच्या वाट्याला गलाई, हे कसं? आमच्याच शेजारच्या तालुक्यातली माणसं मुंबईला जाऊन माथाडी झाली. पाऊस सगळ्यांचा सारखाच चुकला.

खडूफळा

@विट्याची_सून, ताई, तुम्ही भूगोल शिकलेल्या नाही असं पुन्हा म्हणू नका. अख्ख्या धाग्यातला सर्वांत नेमका प्रश्न तुम्ही विचारलात.

स्थलांतराचं ‘का’ बऱ्याचदा निसर्गातून येतं, ‘कुठे’ आणि ‘कशासाठी’ हे माणसांतून. एकजण गेला, स्थिरावला, त्याने भाच्याला बोलावलं, भाच्याने मेव्हण्याला. दुकानात पोऱ्या म्हणून राहायचं, हात बसला की दुसऱ्या गावी स्वतःची भट्टी. हा धंदा विश्वासावर चालतो, कारण गिऱ्हाईकाचं सोनं हातात असतं. म्हणून माणूस गावचा, नात्यातलाच हवा. ऊसतोडीत तसं नाही. तिथे मुकादमाने उचल दिली की कोयता निघाला, नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता. गलाईची साखळी नात्याची, ऊसतोडीची कर्जाची. खडक दोन्हीकडे बेसाल्टच.

आकडेमोड्या

+१. शिवाय हवामान विभागाच्या लेखी अवर्षण म्हणजे त्या-त्या भागाच्या सरासरीपेक्षा २६ ते ५० टक्के तूट झाली तर मध्यम, ५० टक्क्यांच्या वर गेली तर तीव्र. म्हणजे माणमध्ये ४५० मिमी पडला तर कागदोपत्री सगळं ठीक. महाबळेश्वरला २७०० मिमी पडला तर तीव्र अवर्षण! पर्जन्यमापक स्वतःच्या जागी बरोबरच आहे. लोक कशावर जगतात हे त्याला विचारण्यात अर्थ नाही.

तिरकस

बरं, गंभीर होतो. इतकं सगळं बोलता, पण शेवटी निसर्गच माणूस घडवतो हे कुणी मान्य करायला तयार नाही. माणदेशी माणूस काटक, कष्टाळू. कोकणी माणूस निवांत. देशावरचा रांगडा. जमीन तसा माणूस. हे आपले पूर्वज सांगून गेलेत, त्याला विद्यापीठ कशाला?

खडूफळा

@तिरकस, विद्यापीठांनीही हेच सांगितलं होतं आणि मग ते निस्तरायला बराच काळ लागला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत राट्झेल, पुढे अमेरिकेत त्याच्या विद्यार्थिनी एलेन सेंपल यांनी निसर्ग माणसाला घडवतो ही मांडणी केली. हा निश्चयवाद. फ्रान्समध्ये व्हिदाल द ला ब्लाश यांनी उलट बाजू घेतली: निसर्ग शक्यता पुढे ठेवतो, निवड माणूस करतो. हा संभववाद. ग्रिफिथ टेलर मधे उभे राहिले: दिशा निसर्ग ठरवतो, माणूस फक्त थांबू किंवा पुढे जाऊ शकतो. ऑस्ट्रेलियाच्या रखरखीत अंतर्भागात अफाट लोकसंख्या पोसली जाणार नाही असं ते १९२०च्या दशकात सांगत होते, तेव्हा त्यांना देशद्रोही ठरवण्यापर्यंत लोकांची मजल गेली होती. ‘थांबा आणि पुढे जा’ निश्चयवाद तो हाच.

पण वाद पुस्तकी वाटू नये म्हणून आपल्याच जमिनीवरचे दोन दुष्काळ शेजारी ठेवतो.

१८७६-७८. मुंबई इलाख्यात सोलापूर, सातारा, नगर, कलादगी या पट्ट्यात पाऊस गेला. रेल्वे होती, सोलापूरपर्यंत ती १८६० सालीच आली होती. धान्यही देशात होतं आणि निर्यातही चालू होती. सरकारने दुष्काळी कामांवरच्या मजुराची मजुरी किती कमी करता येईल याचा प्रयोग केला: धडधाकट पुरुषाला दिवसाला एक रतल धान्य आणि एक आणा. रतल म्हणजे आजच्या मापात जेमतेम साडेचारशे ग्रॅम, आणि त्यावर दिवसभर खडी फोडायची. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारला निवेदनांवर निवेदनं पाठवली, इलाख्यातल्या मजुरांनी कामं सोडून निषेध केला. दख्खन आणि दक्षिण भारतात मिळून लाखो माणसं मेली.

१९७२-७३. पट्टा तोच, पाऊस ओळीने चुकलेला. विहिरी आटल्या, जनावरं गेली, माणसं मिलो ज्वारी आणि सुकडीवर जगली. पण माणसं मोठ्या संख्येने मेली नाहीत. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते यांची कामं निघाली आणि मे १९७३ मध्ये जवळपास ५० लाख माणसं त्यांवर होती. त्यातूनच रोजगार हमी योजना पक्की झाली, १९७७ ला कायदा झाला.

ढग दोन्ही वेळेला दगा देऊन गेले. पहिल्या वेळी मजुराच्या मजुरीतून धान्य कापणारे लोक होते, दुसऱ्या वेळी मतं मागायला परत यावं लागणारे. ‘जमीन तसा माणूस’ म्हटलं की पहिल्या दुष्काळाचं खापर आभाळावर फोडता येतं, आणि तेव्हा ते फोडलंही गेलं.

तिरकस

इथे मात्र माझ्याकडे उत्तर नाही. कोकणी माणूस निवांत, एवढं तरी राहू द्या.

वाशिष्ठीकाठ

@तिरकस, भातलावणीला या चिखलात. मग ठरवू.

नकाशेवाला

एक व्यावहारिक भर. आम्ही नकाशावर काम करतो तेव्हा दोन्ही भूगोल दोन वेगळ्या थरांत येतात आणि त्यांच्या रेषा कधीच जुळत नाहीत. पाणलोटाची रेषा डोंगराच्या धारेने जाते, तालुक्याची रेषा कुठल्या तरी जुन्या महालाच्या हद्दीने. निधी तालुक्याला येतो, पाणी पाणलोटाला. म्हसवडजवळचा राजेवाडी तलाव बघा. ब्रिटिश काळातला, दुष्काळी कामांच्या दिवसांतला, सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या सीमेवर, सोलापूरची हद्दही जवळच. पाणी साठतं एकीकडे, भिजतं दुसरीकडे, आणि बैठक भरते तिसरीकडे.

हिवरे बाजारचं यश याच अंगाने पाहावं असं वाटतं. पाऊस माणसारखाच तोकडा. चर, बंधारे, झाडं ही कामं इतर गावांतही झाली. तिथे त्यांच्यासोबत शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी, ऊस-केळीला बंदी आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद गावासमोर मांडून पिकं ठरवणं, हे टिकलं. चर कुठे खणायचा हे उतार सांगतो. बोअर घ्यायचा नाही हे ग्रामसभा सांगते. यातलं एकच उचलणाऱ्या गावांचे बंधारे गाळाने भरलेले मी पाहिलेत.

कातळ

@नकाशेवाला, सहमत. शिवाय टेंभू, जिहे-कठापूर अशा उपसा योजनांनी कृष्णेचं पाणी पंपांनी चढवून आता याच कोरड्या पट्ट्यात यायला लागलंय. म्हणजे काही वर्षांनी माणच्या विहिरींची पातळी मोजणाऱ्या माझ्यासारख्याला आधी विजेच्या बिलाची चौकशी करावी लागणार. भूजल अभ्यासायचं आणि पंप चालू होता का ते विचारायचं नाही, हे जमणार नाही. माझी पहिली हरकत मी मागे घेत नाही, हे नोंदवून ठेवा.

यूपीएससी_चालूच

सगळ्यांचे आभार, नोट्स काढल्या. आता एक विनंती. धाकट्या बहिणीला बारावीसाठी क्षेत्रभेटीचा अहवाल करायचा आहे. आम्ही साताऱ्यात राहतो. हा पट्टा एका दिवसात बघायचा तर काय काय बघावं?

पर्जन्यछाया

सातारा-कोरेगाव-पुसेगाव-दहिवडी-म्हसवड हा रस्ता धरा, आणि सकाळी लवकर निघा.

कोरेगावपर्यंत दुतर्फा ऊस दिसेल. वर्धनगडच्या घाटात थांबा. पश्चिमेला हिरवं, पूर्वेला पिवळं हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. इथून पुढे येरळेचं खोरं, आणि दहिवडीच्या अलीकडे जी धार ओलांडाल तिच्यापलीकडे माणगंगेचं. येरळा कृष्णेला मिळते, माणगंगा भीमेला. रस्त्याने जाताना ही धार कळतही नाही, तेव्हा नकाशा हातात ठेवा. रस्त्याच्या कडेला खणलेली विहीर किंवा कापलेला डोंगर दिसला की थर बघा: वर हातभर माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. मुरमाची जाडी मोजून लिहा, सगळ्या भूजलाची गोष्ट तिथे आहे.

दुपारी म्हसवड गाठा. एखाद्या शेतकऱ्याला तीन गोष्टी विचारा. आवर्तन (कालव्याच्या पाण्याची पाळी) कधी सुटतं, ते कोण ठरवतं, आणि घरातलं कोण कुठे असतं. तिसऱ्या प्रश्नाला मुंबई, केरळ, सैन्य अशी उत्तरं येतील, ती सगळी भारताच्या नकाशावर टिंबांनी दाखवायला सांगा बहिणीला. पर्जन्याचा नकाशा प्रत्येक अहवालात असतो, हा कुणाच्याच नसतो.

खडूफळा

जमल्यास दिवाळीच्या आसपास जा. परतीचा पाऊस झालेला असतो, शाळूची पेरणी उरकत आलेली असते, आणि माणचे धनगर मेंढरं घेऊन कोकणच्या वाटेला लागलेले असतात. कळप भेटला तर गाडी बाजूला घ्या. यंदा कुठल्या गावच्या खाचरात मेंढरं बसवणार, शेतमालक बदल्यात भात देणार की पैसे, घाट कुठला उतरणार, हे त्यांना विचारा. तीच खाचरं पुढच्या पावसात त्या लेंडीखतावर पिकतात. अहवालात हे कुठल्या प्रकरणात घालायचं ते बहिणीलाच ठरवू दे.